उचललेली चूल

चूल उचलली म्हणजे घर सोडलं, असं जगात कुठं ठरलंय ते मला दाखवा. नाही ना कुठं? मग त्या एका हवेलीतच का? आणि तिथली रीत तशी असेल तर असू दे बापडी, पण आधी सांगावं की माणसानं! मिरजेहून आलेल्या बाईला काय स्वप्न पडणार आहे?

मी जयंती. एकदा बोलायला लागले की थांबत नाही, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे हणमंत. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून एकदा घेतलं. मिरजेच्या दवाखान्यात हे नीलकंठ डॉक्टरांच्या हाताखाली होते. डॉक्टर ऑपरेशनं करायचे. त्यांना जयपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली, तेव्हा ह्यांना म्हणाले, "हणमंता, तूही चल. तिथं हत्यारं कोण उकळून देईल कोण जाणे, मला भरवसा नाही." झालं! ह्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी. मी म्हटलं, अहो, तिकडं पाणी नाही, आपली भाकरी नाही, भाषा नाही. तर म्हणाले, "डॉक्टरांनी नाव घेऊन बोलावलंय." पुढं बोलायची सोयच नव्हती.

ह्यांचं काम असं, की पहाटे अंधारात दवाखान्यात जायचं, उकळायची मोठी पेटी पेटवायची, कात्र्या, चिमटे, सुया, सगळं खळखळ उकळून, निथळून, फडक्यावर ओळीनं मांडायचं. उजाडल्यावर डॉक्टर हात धुऊन उभे राहतात, तोवर सगळं तयार पाहिजे. उशीर झाला तर ऑपरेशनच्या टेबलावर माणूस ताटकळतो. म्हणून आमची जयपुरात एकच गरज होती. महाल नको, माडी नको, दवाखान्याला अंधारात चालत जाता येईल अशी एक खोली पाहिजे.

आणि नेमकी तीच मिळेना. जयपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालेलं. चहूकडून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांच्या मागनं बाबू आले, बाबूंच्या मागनं त्यांची बिऱ्हाडं. ज्याच्या घरात मोकळा कोनाडा होता तोसुद्धा भाड्यानं द्यायला निघाला होता. दवाखान्याच्या आसपास भाडं विचारलं की ह्यांचा अख्खा पगार मालकाच्या हातावर ठेवायचा आणि आम्ही वारा खायचा, असा हिशेब. शेवटी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी सांगानेरी दरवाज्याच्या आतली एक हवेली दाखवली.

हवेलीचे शेठ कलकत्त्याला. सगळं खटलंच तिकडं, धंदा तिकडं. इथं चौकात कबुतरं आणि कारभार पाहायला एक मुनीमजी. खालच्या अंगाच्या खोल्या त्यांनी गरीबगुरिबांना दिल्या होत्या. दिंडी दरवाज्याशेजारची एक खोली आम्हाला मिळाली. पूर्वी घोड्यांचा दाणा ठेवायची म्हणे. खिडकी नव्हती, जमीन मातीची होती, पण भाडं आमच्या आवाक्यातलं आणि दवाखाना हाकेवर. मी तर दोन्ही हातांनी कडाकडा बोटं मोडली त्या खोलीवरनं, दृष्ट लागू नये म्हणून.

मुनीमजींनी एकच अट घातली होती. "बाईजी, शेठजीके घर शादी होगी तब एक महिना कमरा खाली करना पड़ेगा. बारात यहीं ठहरती है." आम्ही म्हटलं, त्यात काय! लग्न रोज का असतं? आणि महिनाभर तर कुठंही काढता येईल.

तीन उन्हाळे सुखाचे गेले. डॉक्टर खूश, हे खूश. पहाटे मी भाकरी थापायची, हे फडक्यात बांधून निघायचे, आणि मागं दिंडीची कडी लावताना मला दूरवर ह्यांच्या वहाणांचा आवाज ऐकू यायचा. दुपारच्याला हे जेवायला घरी. चारचौघींसारखा संसार होता हो माझा.

मग शेठजींच्या थोरल्या नातीचं लग्न ठरलं. आखा तीजेचा मुहूर्त, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. मुनीमजींनी सगळ्या बिऱ्हाडकरूंना सांगितलं, खोल्या मोकळ्या करा. सगळे निघाले. आणि कसे निघाले ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं. एकीनं मोडकी खाट तशीच ठेवली. एकीनं फुटका माठ. आणि झाडून सगळ्यांनी आपापल्या चुली जागच्या जागी ठेवल्या, राखेसकट! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काय ह्या बायका! परक्याच्या लेकीचं लग्न, उद्या इथं पाहुणे उतरणार, आणि ह्या आपली घाण मागं टाकून चालल्या. लाज आहे की नाही? मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "बघा, ह्याला म्हणतात गबाळेपणा."

आमच्या आईची शिकवण निराळी. मंगल कार्याला जागा द्यायची तर आपलं काळं-खरकटं काही मागं राहू द्यायचं नाही. आणि त्यात आणखी एक गोष्ट होती, ती कुणाला सांगायची सोय नव्हती. आदल्या थंडीत हे तापानं फणफणले होते. उठायची ताकद नाही. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या. आता त्या हवेलीत कांदासुद्धा चोरून चिरायचा, तिथं अंडं! पण नवरा मोठा की हवेली? मी दार लावून, वर उदबत्ती पेटवून, त्या चुलीवर अंडी उकडली. टरफलं पदरात बांधून पार रामनिवास बागेच्या पलीकडं टाकून आले. कुणाला वास आला नाही. पण मला माहीत होतं ना! ज्या खोलीत नवरी मुलगी उतरणार, नवस-नैवेद्य होणार, तिथं अंड्याची चूल ठेवू? देवाला काय तोंड दाखवू?

म्हणून मी काय केलं, तर चूल उचलली. उचलती चूल होती, मातीची, मीच थापलेली. ती पोत्यात गुंडाळली. कोपरा न् कोपरा झाडला. भिंतींना चुना मारला. जमीन शेणानं अशी सारवली की पाय ठेवायला जीव धजू नये. उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मधोमध मोठी रांगोळी काढली, कमळं, गोपद्मं, शंख, सगळं. कोनाड्यात खण-नारळ ठेवला नवरीच्या नावानं. किल्ली मुनीमजींच्या हातात दिली. ते दारात उभे राहून बघतच राहिले. म्हणाले, "वाह बाईजी. ऐसा तो किसीने नहीं किया." मी आपली मान खाली घालून हसले. मूर्ख बाई.

महिनाभरासाठी आम्ही चौमूंला गेलो. दवाखान्यातल्या एका माळ्याचं घर होतं तिथं. जयपूरपासून सीकरच्या रस्त्यावर चौमूं बाजाराचं गाव आहे, तिथं खोल्या स्वस्त. स्वस्त का, ते पहिल्याच दिवशी कळलं. चौमूंची बस भरल्याशिवाय सुटत नाही. ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला, क्लीनर "जैपुर, जैपुर" म्हणून ओरडतोय, आणि आत हे घड्याळाकडं बघत घामाघूम. एकदाची सुटली तरी ती सोडणार चांदपोल दरवाज्याला, गावाच्या त्या टोकाला. तिथनं अख्खा बाजार तुडवत दवाखाना. हे पोचायचे तेव्हा डॉक्टर हात धुऊन उभे. पहिल्या दोन-तीन दिवसांतच ह्यांनी चौमूंहून येणं-जाणं सोडलं, आणि दवाखान्याच्या जिन्याखाली वळकटी टाकून झोपायला लागले. रविवारी तेवढे यायचे. मी म्हटलं, असू दे, महिन्याचा तर प्रश्न आहे.

महिना संपला. लग्न पार पडलं, वऱ्हाड कलकत्त्याला गेलं. मी सामान बांधलं, चूल मांडीवर घेतली, बसमधनं चांदपोलला उतरले. तिथं हे टांगा घेऊन उभे. हवेलीपाशी आलो तर दिंडीतनं धूर येताना दिसला. माझ्या खोलीतनं. आत एक बाई भाकरी भाजत बसलेली.

मुनीमजी बाहेर आले. मी म्हटलं, "मुनीमजी, हे काय? आमची खोली!"

तर ते अगदी शांतपणे म्हणाले, "आपकी कहाँ, बाईजी? आपने तो चूल्हा उठा लिया था."

"म्हणजे?"

"चूल्हा उठाया मतलब घर उठाया. इस हवेली में यही क़ायदा है, शेठजीके दादाजीके ज़मानेसे. जिसको लौटना है वो चूल्हा छोड़के जाता है. देखिए, सबका चूल्हा यहीं था. सब आ गए."

मी बघितलं. खरंच सगळ्या जणी आल्या होत्या. फुटक्या माठाची आली होती, मोडक्या खाटेची आली होती. गबाळ्या म्हटलं होतं ना मी त्यांना? त्या आपापल्या दारात बसून माझ्याकडं बघत होत्या. त्यातली एकजण हळूच म्हणाली, "हमने सोचा आपको बड़ा मकान मिल गया."

"पण मी कशाला चूल उचलली ते तरी..." असं मी म्हणायला लागले आणि जीभ चावली. काय सांगणार? अंडी उकडली म्हणून उचलली? ते ऐकून तर मुनीमजींनी अख्खी खोली गंगाजळानं धुतली असती आणि आम्हाला पुन्हा उभं केलं नसतं. घडाघडा बोलणारी मी, अशी मुकी होऊन टांग्याशी उभी राहिले. आणि हे! हे तर मुनीमजींना हात जोडून म्हणाले, "ठीक है जी." असा संताप आला मला! ठीक काय आहे त्यात?

नीलकंठ डॉक्टरांच्या घरी गेलो. विनयावहिनींना, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, मी खरी गोष्ट सांगितली. त्या आधी पोट धरधरून हसल्या, "अगं जयंते, अंड्यापायी घर गेलं की गं!" आणि मग माझा चेहरा बघून उठल्या, चहा केला. त्यांच्या बंगल्यामागं एक खोली होती, पण तिथं दूधवाला भैया आणि त्याची म्हैस. त्याला काढता येईना. डॉक्टर चांगला माणूस हो, स्वतः गाडी घेऊन हवेलीवर गेले. मुनीमजींनी त्यांना गादीवर बसवलं, केशराचं दूध दिलं, विडा दिला. डॉक्टर परत आले ते म्हणाले, "हणमंता, माणूस फार सभ्य आहे रे. म्हणतो, तुम्ही राजीखुशीनं सोडलीत. कलकत्तेवाल्यांनी रांगोळीचं फार कौतुक केलं म्हणे." घ्या! कौतुक! ते कौतुक पांघरून झोपू का मी?

मी चूल घेऊन परत चौमूंला त्याच माळ्याच्या घरी, आणि ह्यांचं सुरू झालं खोली शोधणं. गावात भाडं विचारावं तर ऐकूनच परत फिरावं. तीन वर्षांत सगळं दुपटीला गेलेलं. घाट दरवाज्याला एक मिळत होती, पण मालकाला सहा महिन्यांचं भाडं आधी पाहिजे होतं. एक मिळाली ती धर्मशाळेच्या संडासाच्या भिंतीला लागून, तीही आम्ही हो म्हणेपर्यंत तारघरातल्या बाबूनं घेतली. हे दुपारच्या उन्हात गल्ल्या हिंडायचे आणि संध्याकाळी परत जिन्याखाली. मग कुणीतरी जिन्याखालची वळकटी पाहिली, तिथं झोपायला मनाई झाली. हे व्हरांड्यात गेले. पावसाळ्यात तिथं पाणी यायचं. तिथनंही उठवलं. नियम आहे म्हणाले, आणि नियम होताच, कुणाला काय बोलणार.

पुन्हा चौमूंची बस. मी अंधारात उठून चूल पेटवायची, हे भाकरी घेऊन तारे असताना बसपाशी जाऊन उभे राहायचे. बस भरेल तेव्हा सुटायची. रोज एका गावकऱ्याला, एका दूधवाल्याला हे विनवायचे, "बैठो भाई, बैठो, बस निकलेगी." सवारी गोळा करायला लागले होते हो हे, क्लीनरसारखे! कधी वेळेत पोचायचे, कधी नाही. नाही पोचले की दुसराच कुणी पेटी पेटवायचा, आणि हे घरी येऊन जेवायचे नाहीत. "त्यानं कात्री नीट उकळली नसेल," एवढंच म्हणायचे. मी म्हणायची, अहो, माणूस जगला ना? तर म्हणायचे, "जगला." आणि कूस बदलायचे.

दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरांनी ह्यांना बोलावलं. म्हणाले, "हणमंता, मला तुझ्याशिवाय करमत नाही, पण टेबलावरच्या माणसाला चौमूं ठाऊक नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत बघ कुठं जवळ सोय होते का. नाहीतर मला ह्या जागेवर दुसरा घ्यावा लागेल. तुला धोबीखान्यात लावतो, चादरी मोजायला. तिथं दुपारी आलास तरी चालेल." हे सांगताना ह्यांचा आवाज असा आला की जणू डॉक्टरांच्याच घरी काहीतरी वाईट झालंय.

आणि तुळशीच्या लग्नाच्या थोडं आधी हवेलीवरनं निरोप आला. शेठजींच्या धाकट्या नातीचं लग्न. नवरीच्या आजीचा हट्ट, की त्या मराठी बाईनं सारवलेली, रांगोळी काढलेली तीच खोली पाहिजे. बाईला बोलवा, काय लागेल ते द्या.

ह्यांचं तोंड उजळलं. मला म्हणाले, "बघ. बोलून तर बघ."

मी गेले. मुनीमजींना म्हटलं, "मुनीमजी, मी रांगोळी काढते, पैसा नको, साडी नको. खोली द्या." त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाले, "बाईजी, मेरे बस में होता तो... क़ायदा क़ायदा है. उनका चूल्हा अंदर है. हाँ, किसी कारणसे चूल्हा अंदर न मिले, तो शादी के बाद कमरा आपका. ज़बान देता हूँ." एवढं बोलून ते मंडप बघायला निघून गेले. भोळेपणानं बोलले की सुचवून गेले, ते अजून मला कळलेलं नाही.

खोलीत गेले तर तीच बाई, माझ्या जागी आलेली, शेवटचं गाठोडं बांधत होती. बिदामी तिचं नाव. हातभर बांगड्या, तोंडावर घुंघट, पण मला बघून तिनं तो वर केला. तिचा नवरा जौहरी बाजारात नगांना पैलू पाडायचा. मी विचारलं, आधी कुठं राहत होतात? तर म्हणाली, "चौमूं. बाईसा, तीन बरस उन्होंने बस में धक्के खाए. देर होती तो सेठ काम दूसरे को दे देता. रोज़ रोता था मेरा आदमी." मग कोपऱ्यातल्या चुलीकडं बोट करून म्हणाली, "यह भी चौमूं से गोद में लाई थी. रास्ते में गड्ढा आया, चटक गया. टूटा नहीं, भगवान की दया. आप लीपोगी न, ज़रा ध्यान रखना." आणि डोक्यावर गाठोडं घेऊन, चुलीला हात लावून, तो हात कपाळाला लावून ती गेली.

दार लोटलं, शेण-माती कालवली. आत मी एकटी, शेणाची पाटी आणि ती चूल.

एका अंगाला वरपासून खालपर्यंत चीर होती. भाजलेली माती, आधीच तडकलेली. लाथ नको, नुसता पाटीचा धक्का लागला असता तरी दोन तुकडे. सारवताना लागला म्हणायचं. कोण विचारतंय? मुनीमजींनी जबान दिलेली. दवाखाना हाकेवर. ह्यांची पेटी, ह्यांच्या कात्र्या, पहाटेच्या अंधारात वहाणांचा तो आवाज. सगळं त्या एका चिरेत होतं. मी मनात म्हटलं, जयंते, गेल्या खेपेला शहाणपणा केलास, आता तरी नको. तिचा नवरा रडतो तर माझा काय हसतो? ती माझी कोण? मी पुढं झाले. दोन्ही हातांनी चूल धरली. खाली राख होती, अजून कोमट.

आणि मग काय झालं ते मला विचारू नका. हात शेणामातीनं भरलेले होते. अंगठा त्या चिरेवर होता. तो फिरला. चिरेत माती गेली. मग वरनं आणखी एक बोळा. मग पाण्याचा हात. मी बघतेय आणि माझेच हात तिची चूल लिंपतायत! कडा सरळ केल्या, आतनं हात फिरवला, तोंडाशी गोल केलं. लिंपून झाली तेव्हा ती माझ्या चुलीपेक्षाही देखणी दिसत होती. मग मी भडभडून रडले. रागानं रडले. दुसऱ्याला शिव्या देता येतात हो, स्वतःच्या हातांना काय देणार?

रांगोळी काढली. कमळं, गोपद्मं, शंख. नवरीच्या आजीबाई बघायला आल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओटीत नारळ घातला आणि म्हणाल्या, पुढच्या नातीच्या लग्नालाही तूच यायचंस.

बाहेर पडताना गल्लीत बिदामी भेटली. काहीतरी विसरलं म्हणून परत येत होती. दारातनं तिनं आत डोकावलं, चूल बघितली, आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की मला तिथं उभं राहवेना. "बाईसा, यह आपने...?"

मी तिच्या अंगावर खेकसले. "चूल धरता येत नाही तर आणतेस कशाला बसमधनं? ओली है अभी, दो दिन हाथ मत लगाना!" ती घाबरून मागं सरली. अर्धं मराठी तिला कळलंही नसेल. बरं झालं.

चांदपोलला हे उभे होते. कामावरनं तसेच आलेले, केस विंचरलेले, जणू लग्नालाच आले होते. मला लांबनं बघितलं आणि माझ्या चालण्यावरनंच ओळखलं असणार. तरी जवळ आल्यावर विचारलं, "मग?"

"तिची चूल होती तिथं."

"होती?"

"होती. चौमूंची आहेत ती माणसं. ह्याच बसनं येत होता तिचा नवरा." मग मला राहवलं नाही. "धक्का दिला असता तर फुटली असती. मी लिंपून आले. आता बोला मला काय बोलायचं ते!"

  ह्यांनी माझ्या हातातनं नारळ घेतला, पिशवीत ठेवला, आणि म्हणाले, "चीर मोठी होती का गं?" मी म्हटलं, "होती." म्हणाले, "मग वाळताना पुन्हा उकलेल. वरनं गेरूचा हात द्यायला पाहिजे होता." एवढंच. ओरडले असते तर परवडलं असतं मला.

बस भरलेली होती. आम्ही दोघं उभ्यानंच चौमूंला आलो.

तुळशीचं लग्न झालं. त्या आठवड्यात हे शेवटचे पेटीवर गेले, सगळी हत्यारं उकळून, मोजून नव्या माणसाच्या हवाली केली. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं अंधारातच उठले. चूल पेटवली, पीठ मळलं, दोन भाकऱ्या थापून फडक्यात बांधल्या. गाठ मारली, आणि हाक मारायला वळले तेव्हा आठवलं. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. जागे होते. धोबीखान्यात जायचं होतं दुपारी. मी ते फडकं मांडीवर घेऊन चुलीपाशी बसून राहिले. बाहेर चौमूंची पहिली बस भोंगा वाजवत होती, क्लीनर ओरडत होता, "जैपुर, जैपुर," आणि आज ती वेळेवर सुटली.